दाबून धरलेली बॅट

आई, तुझ्याशी बोलायची गरज पडली म्हणून लिहायला बसले आहे. तू असतीस तर एव्हाना म्हणाली असतीस, "मुद्द्याचं बोल ना वं." येते मुद्द्यावर.

ते लाल्या रोगाचं वर्ष आठवतं? महागाचं बीटी बियाणं पेरलं, आता बोंडअळीची कटकट गेली म्हणून सगळं रोहिणखेड खुशीत होतं, अन् ऐन बोंडं धरायच्या वेळी कपाशी लाल पडत गेली. बाबा ओट्यावर बसले ते बसलेच. चहा दिला तर प्यायचे, विचारलं तर नुसती मान हलवायचे. ते शेताकडे निघाले की काहीतरी निमित्त काढून तू मला त्यांच्यामागे पाठवायचीस. का, ते तू बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. दोघींनाही ठाऊक होतं.

त्यातच जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या स्पर्धा आल्या. तू शाळेतली बाई, कॉलेजपासून टेबल टेनिस खेळणारी. नवं रबर चिकटवायचं म्हणून जुनं सोलून तू बॅट न्हाणीजवळ ठेवलीस, आणि आजीला वाटलं, सुनेनं कपडे धोपटायला नवं धोपटणं आणलं! तिनं त्या बॅटीनं घरातल्या सगळ्या गोधड्या बडवल्या. लाकडाचे थर कडेनं उकलले, एका बाजूचा टवका उडाला. वर आजीचीच तक्रार, "हलकं हाये वं तुहं धोपटणं." मी कपाळाला हात लावला आणि तू हसत सुटलीस. त्या दिवसांत आपल्या घरात कुणी हसत नव्हतं, म्हणून आजी भडकली. "कपाशी लाल पडली अन् तुले खेळ सुचते?" तू म्हणालीस, "कपाशीनं मान टाकली म्हणून मी बी टाकू का?" काय तोंड होतं तुझं!

बॅट तू सावलीत वाळवलीस, उन्हात वाकडी होते म्हणून. मग दाढीच्या पात्यानं उकललेले थर जरासे उघडून खराट्याच्या काडीनं आत फेविकॉल सोडतेस. टवक्याच्या जागी लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरतेस. मी शेजारी उभी आहे. मी म्हणते, "आता पाट्याखाली ठेव, रात्रीतून बसेल." तू माझ्याकडे एकदा रोखून बघतेस. मग बॅट नेऊन सरळ बाबांच्या हातात देतेस. "अहो, हे दोन्ही हातानं दाबून धरा बरं. सोडू नका. मी भाकरी टाकून येतो."

आणि बाबा धरून बसले. भाकरी झाल्या, गुरं परत आली, तू काही बाहेर जाईनास. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय हो भाऊ, काय धरून बसले?" उत्तर तर द्यावंच लागणार. "तिची बॅट हाये. सोडली तं उकलते." कितीतरी दिवसांनी मी त्यांचा आवाज ऐकत होते. चुलीपाशी तू पदर तोंडाला लावून रडत होतीस. मला तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला, आई.

दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर त्यांनीच मागून घेतला. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं घासा, आडवा घासू नका, हे तू एकदाच सांगितलंस. बुलढाण्याला तुझ्याबरोबर एसटीत बसून तेही आले. तू दुसऱ्याच सामन्यात सडकून हरलीस, आणि परतताना बाबा सगळ्या गाडीला सांगत होते, "बॅट नाही उकलली पण!" पुढे ते चांगले म्हातारे होऊन गेले. मी ते तुझ्याच खात्यावर मांडते.

आता मुद्दा. तुझ्या धाकट्या लेकाची कपाशी यंदा गुलाबी अळीनं पोखरली. तो बोलेनासा झालाय. मी नांदुऱ्याहून रोज फोन करते, जेवलास का विचारते, तो हो म्हणतो, आणि पुढे काय बोलावं ते मला कळत नाही. तुला ते सुचलं कसं गं? हे लिहून मी कुठल्या पत्त्यावर टाकणार आहे! उद्या सकाळच्या गाडीनं त्याच्याकडे जाते आहे. तिथं जाऊन काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही. आई, मला फार भीती वाटते आहे.