बाजरीच्या डब्यातला बोल्ट

आकुर्डी,
शुक्रवार

प्रिय अहो,

जन्मात कधी नाव घेऊन हाक मारली नाही, आता पत्रात तरी कशाला मारू?

तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. रडून झालंय माझं. आज लिहायला बसले ते आनंदाची बातमी द्यायला. तुमच्या रायफल क्लबचे सेक्रेटरीसाहेब आज चौथ्यांदा आपल्या दारात आले. पहिल्या खेपेला बूट न काढता घरात शिरलेला हा माणूस आज उंबऱ्याबाहेर घाम पुसत उभा होता. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. वाईट वाटलं का तुम्हाला? वाटू दे!

पहिल्यापासून सांगते.

तुमच्याबरोबर तुमचं लायसनही गेलं. चौकीतून निरोप आला, पॉइंट टू-टू रायफल जमा करा नाहीतर लायसनवाल्याला विका. माझ्या मनात एकच होतं, ती क्लबने घ्यावी. म्हणजे आपली नंदा तिच्यावरच नेम धरत राहील. दोन वर्षं पोरीला शिकवलंत तुम्ही, स्पर्धेला पाठवायचं म्हणत होतात. म्हणून सेक्रेटरीसाहेबांना मीच बोलावलं. माझीच अक्कल!

आले. बंदूक गॅलरीत उजेडाला नेली, एक डोळा मिटून नळीत पाहिलं न पाहिलं, आणि म्हणाले, "नळी गंजाने खाल्लीय हो. वहिनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लेथवर राबणाऱ्या हातांना नाजूक वस्तूची सवय नसते. जाधवांनी घासून घासून वाट लावलीय तिची."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी, धाप लागत असताना, तुम्ही त्या नळीत ग्रीस भरलं होतंत. "आता किती दिवस कुणी पुसणार नाही," म्हणालात. तो काळेपणा ग्रीसचा होता! एक चिंधी फिरवायला किती वेळ लागतो हो?

जुनी बंदूक कशी पारखायची, ते तुम्ही मला भाकऱ्या थापताना शिकवलंत. आधी चिंधी. मग नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरायचं, उजेड आत सोडायचा आणि पुढून बघायचं, आतला पीळ शेवटपर्यंत एकसारखा चमकतो का. गोळी बसते त्या जागेच्या कडेला, गोळीवर आपटून ती पेटवणाऱ्या टाचणीचे घाव पडलेत का. स्क्रूच्या खाचा कुणी उचकटल्यात का. आणि सगळ्यात शेवटी, नळीवरचा नंबर आणि मागून गोळी आत ढकलणाऱ्या बोल्टवरचा नंबर एकच आहे ना. या माणसाने यातलं एकही केलं नाही. "नळी खराब, किंमत नाममात्र" असं मात्र सही करून कागदावर लिहिलं. क्लबसाठी नको, म्हणाले, मीच घेतो, तुमची अडचण ओळखून.

नंदाचं विचारलं तर हसले. "मुलीच्या जातीला कशाला हे? दहावी होऊ द्या, स्थळं बघा." पोर आत सगळं ऐकत होती.

मग त्यांनी बोल्ट ओढला. मागेपुढे सरकवला आणि चेहराच पालटला त्यांचा. "बोल्ट तेवढा फर्स्ट क्लास! लोण्यासारखा सरकतोय. ह्याला म्हणतात कंपनीचं काम. आपल्याकडे कुणाला जमायचं नाही हे."

अहो! तो तुमचा बोल्ट होता! कारखान्याच्या टूलरूममधल्या पोलादी तुकड्यातून, शिफ्ट संपल्यावर तासतास थांबून तुम्ही घडवलेला. नंदाला घरी चाप ओढायचा सराव करता यावा आणि गोळीच्या जागेची कड ठोकली जाऊ नये म्हणून मुद्दाम बिनटाचणीचा. घरात बंदुकीला तोच लावायचा आणि खरा बोल्ट बाजरीच्या डब्यात ठेवायचा, हा नियम तुमचाच. "सुमन, बोल्ट नसेल तर बंदूक म्हणजे काठी," म्हणायचात.

त्या दिवशी खरा बोल्ट मी त्यांना द्यायला म्हणून काढून ठेवला होता. माझ्या पदराआडच होता. सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. रायफल त्याच बोल्टासकट त्यांच्या भावाने देऊन टाकली.

चुकले का? तुम्ही असता तर लगेच "साहेब, थांबा," म्हणाला असतात. तुमचा हाच स्वभाव मला कधी आवडला नाही. बोल्ट क्लबात दाखवा म्हणून कितीदा सांगितलं! तुमचं ठरलेलं, "काम बोलतं गं." बोललं बघा शेवटी.

त्यांच्या लायसनवर रायफल चढली ती शनिवारी, आणि रविवारी क्लबची स्पर्धा. साहेबांना दम कुठला? मी आणि नंदा मुद्दाम गेलो. खाणीपलीकडच्या रेंजवर हा गृहस्थ नळी पुसून एकेकाला दाखवत होता, "बघा, आरसा आहे आरसा! मातीच्या भावात हिरा मिळाला." मला पाहिलं तेव्हा जरा आवाज उतरला, एवढंच.

मग ऐटीत पालथे पडले, नेम धरला, चाप ओढला. टिक्. गोळी बदलली. टिक्. तिसरी बदलली. टिक्! मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

क्लबातली हत्यारं सांभाळणाऱ्या आपल्या हवालदारकाकांनी बोल्ट काढून तळहातावर घेतला, फिरवून पाहिला. "सायेब, ह्याला टाचणीच न्हाई. नंबर बी न्हाई. ही कंपनीची वस्तू न्हवं, ह्यो आमच्या जाधवाचा हात हाय." मग माझ्याकडे वळून, "वैनी, खरा बोल्ट कुटं हाय?"

"घरी आहे," मी म्हटलं. "साहेबांनी मागितलाच नाही."

काय हसले हो सगळे! साहेबांनी तुमचा बोल्ट मातीत फेकला. नंदाने उचलून ओढणीने पुसला. तेवढी एक गोष्ट मी त्यांना कधीच माफ करणार नाही.

सोमवारी दारात आले, ओरडायला. "फसवणूक आहे ही! चौकीत जाईन."

"चला," मी म्हटलं, "नळी खराब असल्याचा तुमच्या सहीचा कागद माझ्याकडे आहे. आणि तीच नळी काल तुम्ही सगळ्या क्लबला आरसा म्हणून दाखवलीत. दोन्ही सांगू. मी दिली तशी तुम्ही पारखून घेतलीत ना?" गेले पाय आपटत.

बुधवारी आले ते गोड बोलायला. तेव्हा मी माझ्या अटी सांगितल्या. रायफल क्लबच्या नावावर करायची. दर रविवारी नंदा तिच्यावर नेम धरणार. आणि क्लबच्या फळ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहायचं: ‘जाधवांनी ही रायफल उत्तम राखली होती. नळी खराब आहे हे मी खोटं बोललो. बोल्ट जाधवांच्या हातचा होता आणि मला तो कंपनीचा वाटला.’

आज पहिल्या दोन अटी कबूल करून गेले. फळ्याचं नाव काढलं की घाम पुसायला लागतात. "वहिनी, माणसात तोंड दाखवायला जागा राहणार नाही हो." मी म्हटलं, "माझ्या माणसाच्या हातांना नावं ठेवलीत, तेव्हा तो तोंड दाखवायलाही उरला नव्हता."

नंदा म्हणते, आई, दोन अटी झाल्या ना, दे आता. पोर तुमच्यावर गेलीय. मला मात्र तिसरीच हवी. बाकीच्या दोन तिच्यासाठी आहेत, ही तुमच्यासाठी.

शब्द देते तुम्हाला. ते अक्षर फळ्यावर दिसेपर्यंत खरा बोल्ट बाजरीतून बाहेर येणार नाही, मग साहेबांची काठी त्यांनी खुशाल भिंतीवर टांगावी. दिसलं की त्याच दिवशी नंदा स्वतःच्या हाताने तो रायफलीत बसवेल. तुम्ही केलेला बोल्ट तुमच्या फोटोपाशी ठेवलाय, रोज तेलाचं बोट फिरवते. त्याच्यावर गंज चढू देणार नाही, आणि माझ्या रागावरही नाही.

जयभीम.

तुमचीच,
सुमन