सराईच्या भिंतीतली काच

१ मार्च ५४, सोमवार
साहेबांनी माझा अहवाल मंजूर केला. सराई पाडायची, अजिंठ्याचा रस्ता सरळ न्यायचा. शाबासकी मिळाली, नोकरी कायम होणार म्हणाले. घरी सांगितलं, हिनं शिरा केला. गोड लागला नाही.

२ मार्च
इथं तरी खरं लिहितो. जानेवारीत सराई मोजली. मोठा चौक, चारी बाजूंनी कमानींच्या ओवऱ्या, दर ओवरीत दिव्याचा कोनाडा, घोडी बांधायच्या दगडी कड्या. दरवाजा अंबारीसकट हत्ती जाईल एवढा. काय बांधलंय लेकांनी! उत्तरेच्या भिंतीला जुनी भेग. तिच्यावर काचेची पट्टी चुन्यानं आडवी बसवली. भेग वाढली तर काच तडकते. अख्खी राहिली तर भिंत धड. महिन्यानं जाऊन बघायचं.
नाही गेलो. वैजापूरला मेहुणीचं लग्न. आल्यावर टेबलाशी बसूनच लिहिलं, काच तडकली, इमारत धोकादायक. साहेबांना हेच हवं होतं, ठाऊक होतं मला.

४ मार्च
भागाजी डोळ्यांपुढून हलत नाही. म्हातारा धनगर, कोपऱ्यातल्या ओवरीत राहतो. सराईच्या विहिरीचा दोर-पोहरा पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच घराकडं. वाटसरूला पाणी दिल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचं नाही, ही रीत. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत भ्यालेली माणसं इथंच येऊन राहिली, तेव्हा जात-धर्म न विचारता पाणी शेंदलं त्यानं.
काच बसवताना विचारत होता, "ह्यानं भित बरी व्हती का, सायेब?"
मी थट्टेत म्हणालो, "व्हय. फक्त हात लावू देऊ नको कुणाला."

७ मार्च, रविवार
राहवेना. मोटारीनं सराईवर गेलो. काच अजून धड असेल तर साहेबांना आणून दाखवायची, मग होईल ते होवो, असं मनात.
भागाजीनं आधी पाणी दिलं. नोटीस भिंतीवर डकवलेली. रागावला असता तर बरं झालं असतं.
"दोन म्हैने शेरडू फिरकू दिलं नाय तिकडं," म्हणाला. मग मुंडाशाच्या चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी पुढं केलं. "भित पाडणार म्हंत्यात. तुमची काच फुटंल, म्हून काल काढून ठिवली. धुतली बी."
अख्खी. एक चरा नाही.
भिंतीत असती तर साक्ष होती. हातात घेतली तर नुसती काच.
"कागदात फुटली असं लिवलंय म्हनं. म्या तर रोज बगत व्हतो."
लाज वाटली, लई वाटली. काच खिशात घातली नि निघालो.

८ मार्च
काच खिशात घेऊन साहेबांपुढं उभा राहिलो.
"काय रे?"
"सराईची ती काच..."
"तडकली ना? झालं तर."
परत टेबलाशी. करून सवरून नामानिराळा.
गुरुवारी पाडकाम.
आता कोरा कागद घेतलाय. एकच वाक्य लिहून झालं: मी जाऊन पाहिलं नव्हतं. कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून वर तीच काच ठेवलीय. खालून अक्षरं स्वच्छ दिसतात. सही राहिलीय.