शिलाच्या मांडीवरची लेकरं

तांडा, गोरेगाव
८ डिसेंबर २००३

चि. रूपाला दादीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सेवालाल महाराजांच्या कृपेनं इथं आमी बरे. पत्र माझ्या हातचं आहे, अक्षराला हसू नको. साक्षरतेच्या वर्गात जेवढं शिकले तेवढं तुझ्यावरच खर्चून राहिले. तू वकिलीच्या शेवटच्या वर्षाला गेलीस म्हणून मी गूळ वाटायला निघाले. दोन घरी घेतला, तिसऱ्या घरानं दार लावलं. त्याचंच सांगायचं आहे, पण आधी शेळीचं सांगते. दोन पिल्लं दिली. एक अगदी तुझ्यावाणी, उगंच भांडतं.

तर, तुझ्या याडीला, तुझ्या आईला, मातीत ठेवून महिना झाला. शिला येशूची झाली, मी महाराजांची राहिले, तरी सासू-सुनेचं एका चुलीवर भागलं. तांड्याचं मात्र भागंना. तांड्याचा म्होरक्या गुलाबसिंग नाईक म्हणतो, लग्न झालेल्या बाईला जाळायचं असतं, गायरानातली ती जागा कोवळ्या लेकरांची आहे, तिथं दुसऱ्या धर्माची बाई कशाला. आता मरताना तिनंच हात धरून सांगितलं होतं, मला बाळूजवळ ठेवा. तुझा धाकटा भाऊ एवढासा गेला, त्याच्याजवळ याडी न्हाई निजायची तर कोण?

नाईकानं सांगितलंय, संक्रांतीच्या आत उकरून न्या, न्हाई तर आमी उकरतो. तुझा बाप ऊसतोडीवर, आणि घरी असता तरी मान खाली घालून बसला असता. कायद्यात काही आहे का, बाई? का तो काळा कोट नुसता कावळ्यावाणी दिसायला असतो?

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी दादी, पारुबाई


नांदेड
१४ डिसेंबर २००३

ती. दादीस रूपाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून हसले, मग रडले, मग आमच्या कॉलेजात शिकवायला येणाऱ्या मॅडमकडे गेले. त्या हिंगोलीच्या कोर्टात वकिली करतात. त्यांनी सांगितलेलं तुला सोपं करून लिहिते.

आपला धर्म आपण निवडायचा आणि पाळायचा, हा हक्क घटनेच्या पंचविसाव्या कलमानं आईलाही दिला होता. गायरान सरकारचं आहे, नाईकाच्या घरचं नाही. पुरलेलं माणूस कुणाच्या भावना दुखवायला उकरणं हा गुन्हा आहे, त्यासाठी पोलिसांत अर्ज दे आणि पोच घेतल्याशिवाय उठू नको. शिवाय तुझ्या नावानं कोर्टात मनाई हुकूम मागू. बाईमाणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तेव्हा शेळी विकायचा विचार मनात आला असेल तर सोड.

अडचण एकच. सगळ्या तांड्याची हरकत आहे, असं नाईक लिहून देणार. त्या जागेत जिचं लेकरू आहे अशी एखादी बाई हरकत नाही म्हणाली, तर आपली बाजू भक्कम होईल. तारीख बारा जानेवारीची मिळेल, असं मॅडम म्हणतात.

दादी, एक विचारू? आई गेल्यापासून माझ्या स्वप्नात एकदाही आली नाही. असं का?

आठवणीत ठेव.
तुझी रूपा


तांडा, गोरेगाव
२८ डिसेंबर २००३

चि. रूपाला दादीचे आशीर्वाद. वि. वि.

अर्ज दिला. जमादार म्हणला, म्हातारे, घरी जा. मी म्हणलं, पोच दे, मग जाते. तू शिकवलेलं बराबर ध्यानात ठेवलं.

आता मजा ऐक. नाईकानं आवई उठवली, शिला दिवेलागणीला गायरानात हिंडते, लेकरांच्या खड्ड्या-खड्ड्याशी वाकते. बायांनी भिऊन माझ्या अंगावर यावं, हा त्याचा डाव. चार दिवस कुणी त्या वाटेला गेलं न्हाई. पाचव्या दिवशी नाईकाचीच बायको चांदीबाई माझ्या अंगणात आली. तिची दोन वर्षांची पोरगी हगवणीनं गेलेली, तिथंच आहे. बराच वेळ शेळीच्या पिल्लांकडे पाहत बसली. मग हळूच इचारलं, काकी, शिला नुसती वाकते, का उचलून मांडीवर पण घेते?

रूपा, आता तुला खरं सांगते. शेळ्या घेऊन त्या वाटेनं येताना मला कैक वर्षं बारीक रडणं ऐकू यायचं. कुणाला सांगितलं न्हाई, येडी म्हणले असते. शिलाला ठेवल्यापासून ते थांबलं आहे. चांदीबाईला मी एवढंच सांगितलं.

आता रोज कुणी ना कुणी जातं. कुणी वाटीभर दूध ठेवून राहिलं, कुणी काळे मणी. शिलाच्या उशाशी तुझा बाप जाताना लाकडाचा क्रूस रोवून गेला होता. त्यालाच एकीनं झबलं अडकवलं. मी काढलं न्हाई. शिला रागवायची न्हाई.

चांदीबाई अंगठा द्यायला तयार आहे.

जीव लावून राहा.
तुझी दादी


नांदेड
४ जानेवारी २००४

ती. दादीस साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मॅडमना वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, रडण्याचं आणि मांडीचं कोर्टात बोलायचं नाही, चांदीबाईंनी फक्त हरकत नाही एवढंच सांगायचं. तिला नीट पढवून आण.

माझं खरं सांगते, मला हेवा वाटला. तिथल्या पोरांना आई रोज भेटते.

तुझीच,
रूपा


तांडा, गोरेगाव
१३ जानेवारी २००४

चि. रूपाला दादीचे आशीर्वाद. वि. वि.

काल हिंगोलीत तुझ्यासंगं बोलणंच झालं न्हाई, तू कागदं घेऊन पळत होतीस. कोट चांगला दिसतो. कावळा म्हणलं ते परत घेते.

चांदीबाईला मी रस्ताभर पढवलं होतं. पण जज साहेबांनी इचारलं, तुमची हरकत काहून न्हाई, तशी ती म्हणली, माझी पोरगी तिच्यापाशी आहे. तुझ्या मॅडमनी डोळे मिटले, मला वाटलं गेला दावा. पण साहेब खाली पाहून लिहीत राहिले आणि निकाल लागेपर्यंत मातीला हात लावायचा न्हाई म्हणाले. मी रात्री घरी येऊन सगळ्या तांड्यात गूळ वाटला. या खेपेला एकच दार लागलेलं होतं.

तुझ्या स्वप्नाचं. तू हट्टी आहेस, पण रडकी न्हाईस. याडी आधी रडक्याला उचलते. रागावू नको तिच्यावर.

नाईक आमच्याच जीपमधी होता, पुढं बसला. हिंगोलीपासून बायकोशी बोलला न्हाई, माझ्याशी तर महिनाभर न्हाई. गायरानाशी जीप थांबवून तो उतरला, आमी पण उतरलो. दिवस बुडून राहिला होता. मला वाटलं, आता शिव्या देतो. तो तिकडं तोंड करून म्हणला, पारुकाकी, माझी अजून रडते का?

मी म्हणलं, न्हाई रे, आता न्हाई रडत.

त्यानं चपला काढून बांधावर ठेवल्या आणि आत गेला. चांदीबाई आणि मी बांधावरच उभ्या राहिलो. अंधार पडला तरी तो बाहेर आला न्हाई, आणि आमी त्याला हाक मारली न्हाई.

सुट्टी लागली की ये, पिल्लू तुझी वाट पाहतं.
तुझी दादी, पारुबाई