विज्ञानात अकरा

मंगळवार, ११ नोव्हेंबर

विज्ञानात चाळीसपैकी अकरा! शाळेच्या नव्या ॲपवर गुण आले, तेही मी लाँड्रीच्या काउंटरवर असताना. समोरचं गिऱ्हाईक कोटावरच्या डागाबद्दल सांगत होतं, मी नुसती मान डोलवत होते. डाग कसला होता, देव जाणे.

लेक नववीत आहे. आजवर तिसाच्या खाली कधी आली नाही. एरवी मी फोन घेऊन दारातच उभी राहिले असते. पण परवाच्या पालकसभेत तिच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, 'गुण आधी तुमच्या फोनवर येतील. लगेच तुटून पडू नका. मुलांना स्वतःहून सांगू द्या.' म्हणाल्या सगळ्यांना, बघत मात्र माझ्याकडे होत्या!

ठीक आहे. गप्प बसते. माझ्या जिभेला जमतंय का बघू.

ती आली, जेवली, झोपली. चकार शब्द काढला नाही.

बुधवार, १२

'शाळेत काय विशेष?' — होईल तितक्या गोड आवाजात विचारलं. 'काही नाही.'

नवरा म्हणतो, 'सरळ विचारून टाक ना! तू अशी गप्प बसलीस की मलाच धडकी भरते.' नाही विचारणार. तिनं स्वतः सांगायला हवं. गुण गेले खड्ड्यात — म्हणजे खड्ड्यात नाही, पण ते नंतर बघू. उद्या ही कशात अडकली तर माझ्याकडे येईल की लपवून ठेवेल? मला त्याची धास्ती आहे.

गुरुवार, १३

अजून काही नाही. माझ्या हातून एका शर्टाची कॉलर इस्त्रीनं जळली. मालक माझ्यावर तुटून पडले. त्यांच्या पालकसभा होत नाहीत.

शुक्रवार, १४

आज मुद्दाम विषय काढला. दोघी भांडी पुसत होतो. म्हटलं, मला शाळेत भूगोल अजिबात जमायचा नाही गं, एकदा तर नापासच झाले होते. 'हं,' म्हणाली. हातातली ताटली तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. आता बोलेल, आता बोलेल... ताटली ठेवली आणि खोलीत निघून गेली.

वाईट वाटलं. रागही आला! पण गिळला. वर्गशिक्षिकांनी मला पैकीच्या पैकी द्यायला हवेत.

रविवार, १६

बोलली. बाहेर निघताना, चपला घालत, दाराकडे तोंड करून.

'आई, तू माझे गुण मंगळवारीच बघितलेस ना? पालकांनी उघडले की आम्हाला ॲपवर खूण दिसते.'

मग सांगितलं का नाहीस, म्हटलं.

'तू ओरडशील म्हणून रोज वाट बघत होते. तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, माझ्यावर पाणी सोडलंस.'