गाडी तुमच्या दारात उभी आहे त्याबद्दल

मुरुड, ११ मे १९८३

ती. स्व. रेवणप्पा अण्णांच्या सेवेशी, मुरुडाहून पंचाक्षरीचे शरणार्थ.

इकडे आम्ही मजेत आहोत. (आम्ही म्हणजे मी एकटाच. लग्नाला चोवीस वर्षं झाली, हात आपोआप 'आम्ही' लिहितो.) तुमचा गुडघा कसा आहे? कमलम्मा वहिनींच्या दम्याला दरसाल मे महिन्यात उतार पडतो, तसा यंदाही पडला असेल. सासूबाई गंगम्मांच्या डोळ्यांचं ऑपरेशन चांगलं झालं हे ऐकून समाधान वाटलं. त्यांना आता बारीक अक्षर दिसत असलं, तर हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नका.

पत्रास कारण गाडी. पांढरी फियाट, डावा दिवा फुटलेला, गेल्या बुधवारपासून तुमच्या दारात उभी असलेली. ती माझी आहे. कागदोपत्री ती तुमच्या बहिणीची, उमाबाईची आहे, हे मला मान्य आहे, कोर्टालाही मान्य आहे आणि आता अख्ख्या मुरुडला मान्य आहे. पण घेतली मी. लातूर जिल्हा झाला त्या दिवाळीत घेतली. तोवर आम्ही उस्मानाबादचे. साध्या दाखल्यासाठी दिवस मोडायचा. आता नवा जिल्हा झाला, कलेक्टर येणार, मोठी माणसं येणार-जाणार, तेव्हा मुरुडच्या भांड्यांच्या व्यापाऱ्याने एसटीच्या टपावर घागरी बांधून हिंडणं शोभत नाही असं मला वाटलं. (तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, गाडी कशाला. तुमचं बरोबर होतं. हे मी एकदाच लिहितो, पुन्हा विषय काढू नका.) टॅक्सच्या वकिलाने सांगितलं, बायकोच्या नावावर घ्या, फायद्यात राहाल. त्या वकिलाला आता मी रामराम करत नाही.

उमाबाई पाडव्याच्या आधी नांदेडला माहेरी का आली, हे तिने तुम्हाला सांगितलंच असेल आणि तुम्ही मान हलवली असेल. आता माझी कैफियत ऐका. यंदा पाऊस कसा झाला ते तुम्हाला ठाऊक आहे. माघातच गल्लीतल्या आडांचे तळ उघडे पडले. आमच्या परसातल्या आडाला तेवढं पाणी राहिलं. गल्लीतल्या बायका यायला लागल्या. आधी चार आल्या, मग चाळीस. दिवस उगवायच्या आत रहाट करकरायला लागायचा, आणि प्रत्येकीच्या कमरेवर आमच्याच दुकानातली घागर. दुष्काळात भांड्यांचा धंदा कसा चालतो, हे मला माझ्या बापानेही सांगितलं नव्हतं. घरात पाणी नसलं की माणूस आणखी एक घागर घेतो; पाणी आलंच तर भांडं कमी पडू नये म्हणून. म्हणजे पुढे दुकानात मी घागरी विकून राहिलो आणि मागे परसात उमाबाई त्या भरून देऊन राहिली. मला भीती वाटली, अण्णा. रोज सकाळी दोर हातभर जास्त सोडावा लागत होता. म्हणून मी आडावर लोखंडी जाळी बसवली, तिला कुलूप लावलं आणि किल्ली कडदोऱ्याला बांधली. एवढाच माझा गुन्हा. गल्लीच्या टोकाला धोंडाबाई नावाची म्हातारी राहते, ती रिकामी घागर घेऊन परत गेली, तेवढं उमाबाईने दारात उभं राहून पाहिलं. तिसऱ्या दिवशी पिशवी भरून निघाली. मी विचारलं, "किती दिवस?" तर म्हणाली, "कुलूप हाय तोवर." मला वाटलं, रागाचं बोलणं आहे, चार दिवसांत येईल.

आता १९ एप्रिलचा प्रकार. मंगळवार होता. मी धंद्याच्या कामाने लातूरकडे निघालो होतो. सकाळपासून अंगात कणकण होती म्हणून वैद्याने दिलेलं द्राक्षासव घेतलं. जरा जास्त घेतलं गेलं (बाटलीसोबत माप नव्हतं). दुपारचे बारा, ऊन मी म्हणत होतं. वाटेत एका फाट्यावर टँकर यायचा होता. टँकर येईपर्यंत बायका झाडाखाली बसतात आणि आपल्या जागेवर घागर ठेवून देतात. रस्त्याच्या कडेला माणसांऐवजी नुसत्या घागरींची रांग उभी असते. मला ती रांग दिसली. खोटं कशाला लिहू, मला दोन रांगा दिसल्या. मी दोन्हींच्या मधून गाडी काढायचं ठरवलं. मध्ये रस्ता नव्हता.

आवाज कसा झाला ते भांडेवाला म्हणून सांगतो. तांबं गप्प दबतं, पितळ ओरडतं आणि ॲल्युमिनियम कागदासारखं चुरगाळतं. एकतीस घागरी गेल्या. माणसाला किंवा जनावराला साधं खरचटलंही नाही, ही महादेवाची कृपा. मी खाली उतरलो. एक चेपलेली घागर उचलून पाहिली, बुडाशी आमच्या दुकानाची खूण. दुसरी उचलली, तिलाही तीच खूण. परमुलखात ओळखीचं माणूस भेटावं तसं मला झालं आणि मी मोठ्याने म्हणालो, "अरे, ह्या तर समद्या माझ्याच हायेत!" हे बोलायला नको होतं. गुणाबाई नावाची एक धिप्पाड बाई पुढे आली, माझ्या तोंडाशी नाक आणून तिने वास घेतला आणि बाकीच्यांना निकाल सांगितला, "पिऊन आलाय गं. आन् वर घागरी माझ्या म्हणतोय." ठाणं फर्लांगभर लांब होतं. बायकांनी मला गाडीत बसवलं आणि गाडी ढकलत तिथवर नेली. स्टिअरिंगसुद्धा मला धरू दिलं नाही. ते गुणाबाईने खिडकीतून हात घालून धरलं होतं. चेपलेल्या घागरींच्या बदल्यात नव्या द्यायच्या असं तिथेच ठरलं, आणि बायका दुकानात निवडायला आल्या तेव्हा प्रत्येकीने एक माप मोठी उचलली.

त्या ठाण्याचं नाव लिहीत नाही, माझं तिथलं काम अजून संपलेलं नाही. त्यांनी मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, तोंड उघडा. उघडलं. म्हणाले, फरशीच्या या फटीवरून सरळ चाला. चाललो. (फरशी वाकडी बसवली होती, तुम्ही कधी गेलात तर बघा.) द्राक्षासवाचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "या भागात द्राक्षासवाची लई मोठी साथ आलीय," आणि कागदावर काय ते लिहून दिलं. संध्याकाळी शेषेराव मास्तरांनी येऊन मला जामिनावर सोडवलं. दर सोमवारी देवळात मी त्यांच्या शेजारी बसत होतो. आता ते खांबाच्या पलीकडे बसतात.

माणूस त्याच दिवशी सुटला, गाडी मात्र मुद्देमाल म्हणून अडकली. जमादार हणमंतराव म्हणाले, कोर्टाचा हुकूम आणा. कोर्टाने म्हटलं, गाडी कुणाची त्याचा दाखला आणा. दाखल्याच्या कचेरीत गेलो, तर नव्या जिल्ह्याची टेबलं आली होती, खुर्च्या आल्या होत्या, भिंतीला घड्याळही आलं होतं. रजिस्टर मात्र अजून जुन्या जिल्ह्यातून निघायचं होतं. ज्याने ते आणायचं तो टंचाईच्या कामावर, टँकरच्या खेपा लिहायला गेलेला. दर खेपेला मी ठाण्यावरून वळसा घेऊन गाडी बघून यायचो. पहिल्या खेपेला तिच्यावर धूळ होती. दुसऱ्या खेपेला मागची सीट नव्हती आणि तिथे पाण्याची दोन पिंपं उभी होती. मी विचारलं, "जमादारसाहेब, हे काय?" तर म्हणाले, "मुद्देमालाला हात लावता येत न्हाई." मी म्हणालो, "मग ही पिंपं?" म्हणाले, "पिंपं आमची हायेत." पोलिसांच्या चाळीत बायकापोरांना प्यायला पाणी नव्हतं, माझी गाडी रोज दोन कोसांवरून ते आणत होती. मी तक्रार करणार होतो. मग मनात आलं, या गाडीने कैदेत राहून जितक्या माणसांना पाणी पाजलं, तितक्यांना मी मोकळा असून पाजलं नाही. तक्रार राहून गेली.

शेवटी रजिस्टर आलं. कारकुनाने बोट फिरवलं आणि विचारलं, "उमाबाई कोण?" म्हटलं, माझी बायको. "मग तुम्ही कोण?" म्हटलं, नवरा. तर म्हणाला, "तसा काही कागद हाय का?" चोवीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं आणि माझ्याजवळ खरंच काही कागद नव्हता. मालकिणीला हजर करा, असं ठरलं. मी तुमच्या पत्त्यावर तार केली: गाडीसाठी सही पाहिजे, ताबडतोब निघणे. (तारेत शब्द मोजून घालावे लागतात, म्हणून बाकीचं लिहिलं नाही.)

बुधवारी ती आली. तुम्ही सोबत भुजंग ड्रायव्हर दिलात, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मला वाटलं, अण्णा किती विचारी माणूस, मला गाडी चालवायची बंदी आहे हे ओळखून आमच्या दोघांसाठी ड्रायव्हर पाठवला. मी धुतलेलं धोतर नेसलो होतो. कोर्टात तिला विचारलं, "बाई, गाडी तुमची?" ती म्हणाली, "कागदावर हाय तर असंल." मग विचारलं, "आरोपी तुमचा कोण?" तिने माझ्याकडे पाहिलं. लई वेळ पाहिलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं इतका वेळ. मग म्हणाली, "घरचे हायेत." मला त्या दोन शब्दांनी भरून आलं, आणि मी समजलो की आता सगळं मिटलं.

सुपुर्दनाम्यावर तिने सही केली. ठाण्यात भुजंगाने पिंपं उतरवली, सीट बसवली. मी पुढे होऊन मागचं दार तिच्यासाठी उघडून धरलं. (हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं, भुजंगाला विचारा.) ती बसायच्या आधी थांबली आणि म्हणाली, "आडाचं कुलूप काढलं?" अण्णा, तिथे 'हाव, काढलं' म्हणायचं होतं. खोटं म्हटलं असतं तरी मुरुड येईपर्यंत काही सुचलं असतं. पण शेजारी जमादार उभे, दोन शिपाई उभे, आणि मी म्हणालो, "घरी तर चल, मग बघू." ती आत बसली, दार माझ्या हातातून ओढून लावून घेतलं आणि भुजंगाला म्हणाली, "नांदेड." गाडी निघाली. मी रस्त्यावर. माझा डबाही गाडीतच गेला. (त्यात माझ्या हातच्या भाकरी होत्या. कुणी खाल्ल्या असतील तर कशा झाल्या ते कळवा.)

एसटीत उभ्याने मुरुडला आलो. कोर्टाच्या खेट्यांपायी पाच दिवस लातूरच्या मठात मुक्काम होता, घर बंद होतं. तडक परसात गेलो, कुलूप काढलं, जाळी बाजूला ओढली आणि दारात उभं राहून धोंडाबाईला हाक मारली. तिच्यामागून आणखी चौघी आल्या. मी स्वतः दोर सोडला. सोडत गेलो, सोडत गेलो, आणि खाली घागर दगडावर आपटली. मी लातूरला गेलो तेव्हा घागर बुडेल इतकं पाणी होतं. कुणी चोरलं म्हणावं तर कुलूप शाबूत, किल्ली माझ्या कमरेला. आपलं आपण गेलं. धोंडाबाईने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "गेलं की रं, पंचाक्षरी." ती चिडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडून बसलो, तर समोरच्या टँकरच्या रांगेत तिच्या घागरीमागे आणखी एक घागर होती. कुणाची म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुझी. तू एकटा, तुला कोन धरणार नंबर?" अण्णा, मी दुकानाचं एक दार ओढून घेतलं आणि आत जाऊन बसलो.

असो. मुद्दा गाडीचा. ती भुजंगासोबत लवकर परत पाठवावी, डाव्या दिव्याचं काम मी इकडे करून घेईन. सर्व वडीलधाऱ्यांना शरणार्थ, धाकट्यांना आशीर्वाद, आणि मधल्या एका व्यक्तीला काय लिहायचं ते सुचत नाही.

आपला,
पंचाक्षरी

ता. क. – गाडी राहू द्या. माझं लायसन जमा करून घेतलंय. गाडी आली तरी मी तिच्यात नुसता बसून राहीन. सासूबाईंना डोळे दाखवायला न्यायच्या कामी येईल.

ता. क. २ – द्राक्षासव नव्हतं. देशी होती, आधीच्या फाट्यावरच्या दुकानातली. आणि लातूरला धंद्याचं काहीही काम नव्हतं. लातूरवरून पुढे नांदेडला, तुमच्याकडेच निघालो होतो, उमाबाईला 'माझं चुकलं' म्हणायला. हे वाक्य मी जन्मात कधी म्हटलेलं नाही. निघताना आरशासमोर म्हणून पाहिलं, तोंडातून बाहेर पडेना. वाटलं, थोडी घेतली की पडेल. पडलं, पण ठाण्यात पडलं. जमादार हणमंतरावांना मी ते चार वेळा म्हणालो आणि त्यांनी गुन्हा कबूल म्हणून लिहून घेतलं.

ता. क. ३ – रविवारी बसवजयंती आहे. सकाळच्या एसटीने निघतो, तीनपर्यंत तुमच्याकडे पोचेन. शुद्धीत असेन. उमाबाईला आधी सांगू नका, पण ती घरी असेल एवढं बघा. कडी वाजली की तुम्ही गुडघ्याचं निमित्त करून बसून राहा, वहिनींनाही उठू देऊ नका. दार तिलाच उघडू द्या. नाहीच उघडलं, तर परतीची एसटी साडेपाचला आहे, तेवढं मी विचारून ठेवलंय.