दादाचं नाव न सांगता

तारनाका, हैदराबाद
२ जुलै १९९५

प्रिय हर्षवर्धन,

शुक्रवार, २६ मे, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. लोकसभेत तू उभा राहिलास आणि प्रत्येक नागरिकाला उपचाराचा हक्क देणारं तुझं विधेयक मागे घेतलंस. वेळ छापील वृत्तांतातली आहे; तू नाकारशील म्हणून.

आपल्या धाकट्या शैलाच्या दहाव्याला आलास तेव्हा कारणं सांगितलीस. दिल्ली म्हणते, आरोग्य हा राज्यांचा विषय. राज्य म्हणतं, पैसा दिल्लीकडे. विरोधकांना कायदा हवा, पण श्रेय तुला मिळायला नको. तुझ्या पक्षाच्या प्रचाराच्या गाड्या इस्पितळवाल्यांच्या. आणि नव्या धोरणात म्हणे सरकारनं दवाखाने चालवायचे नसतात. शेवटी मंत्र्यांनी समिती नेमायचं कबूल केलं, तिच्यावर तुझंही नाव आहे. अभिनंदन. कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर म्हणायच्या, खोटं बोलायचंच तर निदान व्याकरण शुद्ध ठेवा. तुझं व्याकरण निर्दोष होतं.

मलकपेठच्या सभेत तू म्हणाला होतास, 'ज्याचा भाऊ खासदार नाही, त्याच्यासाठी हा कायदा.' शैला पहिल्या रांगेत होती. घरी येऊन तू आम्हा दोघींना बजावलंस, माझं नाव कुठंही वापरायचं नाही. मी हसले. आपली धाकटी हसली नाही. तुझं बोलणं तिला नेहमीच खरं वाटायचं.

२६ मेच्या त्याच शुक्रवारी तिच्या छातीत कळ आली. मी तिच्याकडेच होते. ऑटोनं त्या नव्या काचेच्या इस्पितळात नेलं. आधी भरणा करा म्हणाले. तेवढे पैसे जवळ नव्हते. दारावरच्या म्हाताऱ्या चौकीदाराला दया आली. हळूच म्हणाला, "अम्मा, किसी बड़े आदमी की पैचान हाय क्या? नाम बोल दो, अंदर ले लेते." तिथून सरकारी दवाखान्याकडे निघालो. चादरघाटच्या पुलावर ती गेली.

तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं, वेळच मिळाला नाही. वेळ होता. चौकीदाराला तुझं नाव सांगायला मी तोंड उघडलं, तेव्हा शैलानं माझा हात दाबला. "अक्का, दादाचं नाव नको." तुझ्या कायद्यावर तिचा विश्वास होता, हर्ष. तो तू त्याच दुपारी मागे घेतलास.

विधेयक पुन्हा मांडणार की नाही? मांडलंस तरी मंजूर होईल, असं मला वाटत नाही. तरी उत्तर हवं, सेक्रेटरीचं टाईप केलेलं नको, तुझ्या हातचं. १० ऑगस्टला राखी आहे. त्याआधी लेखी उत्तर आलं नाही, तर यंदा मनगट घेऊन माझ्या दारात येऊ नकोस.

अजून तरी तुझीच,
अक्का