दोन फुटी टाकीसाठी फिल्टर

मंगळवार, ११ मार्च

चि. चिऊस,

आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्याइतका नाही. शोभेच्या माशांचं दुकान चालू आहे. पाच वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यात नातीच्या टाकीला कोणता फिल्टर लावू एवढंच विचारलंयस. तेव्हा आधी त्याचं उत्तर.

टाकी दोन फुटी, मासे गप्पी. बाहेर ठेवायचा मोठा फिल्टर नको. सुईच्या कामाला तलवार कशाला? काठावर लटकवायचा पाणी छान स्वच्छ करतो, पण ओढ जोरात असते, पिल्लं आत खेचली जातात. तू हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर घे. वर येणारे बुडबुडे पाणीही फिरवतात, गप्पींना तेवढा प्रवाह पुरे. पंप मात्र पाण्यापेक्षा उंचावर ठेव, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं त्यात शिरतं.

स्पंज नळाखाली धुऊ नकोस. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळ. घाण पचवणारे जिवाणू त्यात राहतात, खरं काम त्यांचं. आणि फिल्टर बंद ठेवायचा नाही. पाणी फिरायचं थांबलं की जिवाणू मरतात. मग पाणी दिसायला नितळ असतं आणि मासे जातात.

हे मला तेव्हाही माहीत होतं.

माझ्या मनाविरुद्ध लग्न करून तू गेलीस, त्या दिवशी तुझ्या खोलीतल्या टाकीचं बटण मी बंद केलं. आईने विचारलं, "आवाज कसा येत नाही?" मी म्हणालो, "पंप जळला." चौथ्या दिवसापर्यंत तुझे नऊही मासे गेले. आईने तुला तेच कळवलं. पंप ठणठणीत होता. अजून दुकानात चालतोय.

परवा जेवताना आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. मला काय सांगता? तिला सांगा."

आता राहिलेलं. नव्या स्पंजात जिवाणू जमायला महिना-दीड महिना लागतो. चालत्या टाकीतला जुना स्पंज शेजारी ठेवला की लवकर जमतात. पण तो ओला राहायला हवा, पोस्टाने पाठवता येत नाही. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी घेऊन येतो. मला भेटायचं नसेल तर दाराबाहेर पाण्याची बादली ठेव. स्पंज त्यात सोडून परत फिरेन, बेल वाजवणार नाही.

जावईबापूंना नमस्कार सांग. हा शब्द मी पहिल्यांदाच लिहितोय.

नातीला घरात काय म्हणता, ते पत्रात नव्हतं. विचारायला मला तोंड नाही, तरी विचारतो. दार उघडलंस तर तिला हाक कशी मारू?

तू म्हणशील तर,
तुझा बाबा